गाडी रतनवाडीला, मुक्काम साम्रदला: रतनगडावरच्या एका दिवसाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. नावं काढून टाकली आहेत, एक-दोन खुणा बदलल्या आहेत, पण घडलं ते याच क्रमाने.

आम्ही पाच जण होतो. मावशी बासष्ट वर्षांची. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ दादा, चाळिशीचा. वहिनी, माझा चोविशीतला धाकटा भाऊ आणि मी. ट्रेकचा अनुभव म्हणायचा तर माझाच होता, पंधरा वर्षांचा. रतनगडही मी आधी दोनदा केला होता, दोन्ही वेळा हिवाळ्यात आणि दोन्ही वेळा दोरीपासून औषधापर्यंत सगळं सांभाळणाऱ्या जाणत्या गटाबरोबर. हा फरक मी तेव्हा लक्षात घेतला नाही.

मावशीबद्दल आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती. रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारी बाई, दोनदा आळंदी ते पुणे वारीत चाललेली. "मला गड दाखवा, काजवे दाखवा," हा हट्ट तिचाच होता. काजव्यांसाठी मे महिन्याचा शेवटचा आठवडा ठरला आणि त्याच आठवड्यात गड चढायचंही ठरलं. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत हे कुणी बोललं नाही. मे अखेरीला सह्याद्रीत नुसतं ऊन नसतं, पावसाआधीची दमट हवा असते. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. शिवाय दुपारनंतर वळीव कधी कोसळेल त्याचा नेम नसतो.

आराखडा

तीन दिवस, एक गाडी, दोन तंबू. पहिल्या दिवशी ठाण्याहून कसारा घाट, घोटी, बारी आणि शेंडी करत भंडारदऱ्याला पोचायचं. 1926 साली पुरं झालेलं हे प्रवरेवरचं धरण. त्याच्या जलाशयाला वळसा घालत रतनवाडीच्या अलीकडे पाण्याकाठी तंबू लावायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे रतनगड चढायचा, दुपारी तीनपर्यंत खाली उतरायचं, गाडीने साम्रदला जायचं आणि तिथल्या एका घरी आगाऊ ठरवलेल्या तंबूंत राहायचं. तिसऱ्या दिवशी सांदण दरीत, म्हणजे कातळातल्या अरुंद घळीत, पहिल्या पाण्याच्या डोहापर्यंत जाऊन परत फिरायचं.

कागदावर हे छान दिसत होतं. साम्रदच्या मुक्कामाचे निम्मे पैसे आगाऊ दिले होते. जेवण रात्री आठला तयार राहणार होतं.

पुढचं समजायला रतनगडाची ठेवण माहीत हवी. 1297 मीटर उंचीच्या या गडाला दोन मुख्य वाटा आहेत. एक रतनवाडीहून, अमृतेश्वराच्या देवळापासून निघून प्रवरेच्या उगमाकडच्या दाट झाडीतून चढते आणि शेवटी लोखंडी शिड्यांनी गणेश दरवाजात पोचते. दुसरी गडाच्या पलीकडच्या अंगाला, त्र्यंबक दरवाजातून कोरीव पायऱ्यांनी उतरून खुट्टा सुळक्याच्या पायथ्याने साम्रदला जाते. म्हणजे आमचा मुक्काम गडाच्या एका बाजूला होता आणि गाडी दुसऱ्या बाजूला. गाडीरस्त्याने ही दोन गावं एकमेकांपासून फार लांब नाहीत. पण गडावर उभं राहिलं की ती दोन वेगळ्या टोकांना जातात.

सकाळ

पहाटे सहाला निघायचं होतं, निघालो सव्वाआठला. आदल्या रात्री साडेबारापर्यंत काजवे बघत फिरलो होतो. हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं एका लयीत उजळत होती आणि विझत होती. मावशी हात जोडून उभी होती. त्या रात्रीबद्दल मला आजही तक्रार नाही. पण काजव्यांनी दोन तास खाल्ले होते आणि मी सकाळी आराखडा तसाच पुढे सरकवला. खरं तर तो मोडायला हवा होता. सव्वाआठ वाजता मे महिन्यात रतनगड चढायला लागणं हा पहिला चुकीचा निर्णय, आणि तो निर्णय आहे हेदेखील तेव्हा जाणवलं नाही.

देवळाजवळ गावातला एक मुलगा वाटाड्या म्हणून यायला तयार होता. "वाट मला माहीत आहे," असं मी म्हणाले. तो दुसरा.

तिसरा मी घेतला नाही, मावशीने एकटीने घेतला, आणि आम्हाला तो रात्री कळला. तिने सकाळपासून पाणी जवळजवळ प्यायलंच नव्हतं. तंबूच्या जागी आडोसा नव्हता, गडाच्या वाटेवर पुढेमागे माणसं होती, आणि सोबत मुलगा, भाचा. "सारखं सारखं कुठे जाणार बसायला?" म्हणून ती चहाचे दोन घोट घेऊन निघाली. प्रवासात पाणी न पिणं हे बायकांना इतकं सवयीचं आहे की आम्ही ते आजारपणाच्या हिशेबात धरतच नाही. मी स्वतः बाई असून तिला विचारलं नाही. त्यात ती रक्तदाबाची गोळी घेत होती, लघवी वाढवून शरीरातलं पाणी आणि क्षार बाहेर काढणारी. तीही सकाळी नेमाने घेतली होती.

अडचण

शिड्यांच्या खालच्या टप्प्यावर मावशी चार वेळा बसली. चौथ्या वेळी म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येते हळूहळू." हे वाक्य मी पंधरा वर्षांत कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं आहे आणि त्याचा अर्थ नेहमी एकच असतो. तरीही आम्ही तिला धीर देत, हात देत शिड्या चढवल्या. सव्वाबाराला गणेश दरवाजातून आत जाऊन गुहेत बसलो.

तिथे तिचं डोकं दुखायला लागलं. पोटरीत गोळे आले, मळमळ सुरू झाली. हात गार आणि घामेजलेले होते. बोलणं नीट होतं, तारीख-वार सांगत होती, कुणाला काय हवं-नको ते विचारत होती. तिची ही शुद्ध फार महत्त्वाची होती. उन्हाने थकवा आला असेल तर सावली, विश्रांती आणि क्षारांचं पाणी यांनी माणूस सावरतो. पण बोलणं असंबद्ध झालं, अंग तापून भट्टी झालं, तर तो उष्माघात. तिथे मिनिटं मोजावी लागतात, अंग लगेच थंड करावं लागतं आणि रुग्णालय गाठावं लागतं. मावशी या दोन्हींच्या मधल्या उंबरठ्यावर नव्हती, पण त्या दिशेला होती.

तिला आडवं केलं, पाय सॅकवर उंच ठेवले, मानेला ओला पंचा गुंडाळला. पाणी पाजलं तर अर्ध्या तासाने उलटी झाली. पाच जणांनी मिळून दहा लिटर पाणी वर आणलं होतं, त्यातलं साडेतीन उरलं होतं. मोबाईलला रेंज नव्हती.

गुहेतले पर्याय

पाऊण वाजता आम्ही बोलायला बसलो. खरं म्हणजे बोललो दादा आणि मीच. कोणते पर्याय मांडले आणि ते का बाजूला पडले, ते सांगते.

पहिला, लगेच आल्या वाटेने परत. शिड्या, मग झाडीतून अडीच-तीन तास, आणि खाली गाडी. मावशीला शिड्यांची धास्ती वाटत होती. पोटरीत गोळे आलेलं माणूस शिडीवरून उतरवणं मला नको होतं. हा नकार बरोबर होता.

दुसरा, ऊन उतरेपर्यंत गुहेत थांबायचं आणि साडेतीनला शिड्यांनी उतरायचं. मला हा पटत होता. दादाचं म्हणणं, पाणी पुरणार नाही आणि उतरेपर्यंत संध्याकाळ होईल. पश्चिमेला ढग चढायला लागले होते.

तिसरा, सगळ्यांनी त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरायचं. शिड्या नाहीत, खाली जेवण-अंथरूण तयार. पण गाडी रतनवाडीत अडकणार.

चौथा, गट फोडायचा. दादा आणि भावाने झपाट्याने रतनवाडीला उतरून गाडी साम्रदला आणायची. मावशी, वहिनी आणि मी सावकाश त्र्यंबक दरवाजाने उतरायचं. संध्याकाळी सहाला साम्रदमध्ये भेट.

चौथा ठरला. तो सगळ्यांत चपळ वाटला. गाडीही मिळते, मुक्कामही मिळतो, शिड्याही टळतात. आज कागद पुढे ठेवून पाहते तेव्हा दिसतं की त्या पर्यायाने गाडीचा प्रश्न उत्तम सोडवला होता. आजारी माणसाच्या वाट्याला मात्र पाचांतली दोनच निरोगी माणसं, अनोळखी उतार आणि दुपारचं ऊन आलं.

एक पाचवा पर्याय होता, तो कुणाच्या ओठांवरही आला नाही. त्याकडे शेवटी येते.

काय केलं

सव्वाला दादा आणि भाऊ निघाले. त्यांना झाडीतून जायचं म्हणून दोन्ही डोक्याचे दिवे त्यांच्या सॅकमध्ये राहिले. औषधांची पिशवीही दादाच्या सॅकच्या तळाशी होती, आणि त्यात जलसंजीवनीची (ओआरएसची) पाकिटं. सामान वाटून घ्यायला तीन मिनिटं पुरली असती.

आम्ही तिघी गड ओलांडून त्र्यंबक दरवाजाकडे निघालो. वाटेतल्या कातळात कोरलेल्या टाक्यांतून पाणी भरून घेऊ हा माझा भरवसा. टाक्यांच्या तळाशी हिरवट गाळ होता. हिवाळ्यात याच टाक्यांचं पाणी मी प्यायले होते.

तिथे एक गोष्ट नीट जमली, ती वहिनीमुळे. तिच्याकडे अंड्यांसाठी आणलेली मिठाची पुडी होती आणि डब्यात गूळ. बाटलीत थोडं मीठ, बऱ्यापैकी गूळ घालून तिने मावशीला एकेक घोट, दर पाच मिनिटांनी, घड्याळ लावून पाजलं. "आई, एकच घोट. लगेच नका गिळू." ते पाणी पोटात राहिलं. घरगुती मिश्रणाचं खरं माप एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असं आहे. आमचं अंदाजपंचे होतं, पण नुसत्या पाण्यापेक्षा बरं. भरपूर घाम गेलेल्या माणसाला नुसतं पाणी ढोसायला लावलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं.

पायऱ्या उतरायला सव्वा तास लागला. पुढची वाट घसाऱ्याची, वाळलेल्या कारवीतून. मावशी बसून बसून उतरत होती. सव्वाचारला खुट्ट्याच्या खालच्या उघड्या धारेवर असताना पहिली गडगडाट ऐकू आली. वीज दिसल्यावर मी आकडे मोजले. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात; माझे नऊ झाले, पुढच्या वेळी पाचच. धार सोडून खाली झाडीत शिरायचं हे मी तिथे एकटीने आणि लगेच ठरवलं. त्या दिवसातला माझा हा एक निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. एकट्या उंच झाडापासून दूर, बुटक्या दाट झाडीत, एकमेकींपासून थोडं अंतर ठेवून आम्ही उकिडव्या बसलो. पाऊण तास पाऊस झोडपत होता. मावशीला त्या पावसाने बरं वाटलं, हेही खरं.

पण धार सोडली तशी वाटही सुटली. पाऊस थांबल्यावर वर चढून वाट शोधण्याऐवजी आम्ही उतार दिसेल तसं खाली गेलो. थकलेल्या माणसाला घेऊन पुन्हा चढ चढवण्याचं माझ्या जिवावर आलं. सव्वासातला अंधार पडला. दोन मोबाईलचे दिवे, एकाची बॅटरी संपत आलेली.

आम्ही हाका मारत होतो त्या ऐकून एक गुराखी आला. पावसात चुकलेली गाय शोधत फिरत होता. आम्ही जिथे उतरत होतो तिकडे बघून म्हणाला, "बाई, तिकडं नका जाऊ, म्होरं कडा हाय. वरल्या अंगानं वाट हाय." त्याने मावशीचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. तासाभरात, त्याच्या काठीमागून पाय टाकत, आम्ही साम्रदच्या शेतांपर्यंत आलो. तिथे गावातली पाच-सहा माणसं बॅटऱ्या घेऊन निघालेलीच होती, सोबत दादा आणि भाऊ. नऊ वाजायला दहा मिनिटं होती.

दादा आणि भावाचं काय झालं ते मग कळलं. रतनवाडीच्या झाडीत एक फाटा आहे, तिथून कात्राबाईच्या खिंडीकडे आणि पुढे हरिश्चंद्रगडाकडे वाट जाते. पळत उतरताना, पावसात, ते त्या वाटेला लागले. चढ लागला तेव्हा भावाला शंका आली. परत फिरून गाडीपाशी पोचायला त्यांना संध्याकाळचे आठ वाजले. साम्रदला आम्ही नाही म्हटल्यावर दादाने क्षणभरही न घालवता गाव उठवलं. आमचं जेवण करून वाट बघणाऱ्या घरातल्या काकांनी माणसं गोळा केली.

परिणाम

मावशीला जलसंजीवनी पाजून रात्रीच गाडीने रुग्णालयात नेलं. सलाईन लागलं, रक्तातले क्षार कमी झाले होते. एक रात्र ठेवून दुसऱ्या संध्याकाळी सोडलं. ठाण्याच्या तिच्या डॉक्टरांनी पुढे गोळी बदलून दिली. भावाचा गुडघा खरचटला होता, बाकी कुणाला इजा नाही. सांदण दरी अर्थातच राहिली. आदल्या दिवशीच्या तशा पावसानंतर त्या अरुंद घळीत आम्ही कुठल्याही परिस्थितीत उतरायला नको होतं, पण सगळं ठीक पार पडलं असतं तर उतरलो असतो अशी मला भीती वाटते.

गुराख्याने पैसे घेतले नाहीत. त्याची गाय सकाळी सापडली, एवढं काकांनी फोनवर सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

दादा आणि मी यावर महिनाभर बोलत होतो. अजून आमचं पुरतं एकमत नाही. त्याच्या मते गट फोडणं चूक नव्हतं, सामान न वाटणं चूक होतं. दिवे आणि औषधं आमच्याकडे असती तर आम्ही सातच्या आत पोचलो असतो. मला हे अर्धंच पटतं. आजारी माणूस, दोन वाटा, रेंज नाही, आणि एका वाटेचं काय झालं हे दुसरीला कळण्याचा काही मार्ग नाही. आम्ही "सहाला भेटू" म्हटलं, पण सहाला भेट झाली नाही तर कुणी किती वाजेपर्यंत थांबायचं आणि मग काय करायचं, हे ठरवलं नाही. दोन्ही गट वाट चुकले होते आणि दोन्ही गटांना वाटत होतं की दुसरा सुखरूप आहे.

आता पाचवा पर्याय. मावशीला गुहेत राहू द्यायचं. रतनगडाच्या गुहेत लोक मुक्काम करतातच. सावली, कोरडी जमीन, पावसापासून आडोसा, सपाट जागा, सगळं तिथे होतं. दोघा धडधाकट माणसांनी खाली जाऊन गावातला वाटाड्या, पाणी, औषधं, अंथरूण घेऊन वर यायचं, रात्र वर काढायची आणि पहाटेच्या गारव्यात मावशीला उतरवायचं. तिची शुद्ध हरपली असती तर खालून 108 ला फोन करून गावकऱ्यांच्या मदतीने डोलीतून उतरवणं हीच वाट होती, आणि तीही गुहेतूनच सोपी होती. आम्ही माणसं गाडीकडे न्यायचा विचार करत राहिलो. सामान माणसाकडे आणता येतं, हे सुचलं नाही.

का सुचलं नाही याचं उत्तर मला साम्रदच्या आगाऊ पैशांत आणि रतनवाडीतल्या गाडीत दिसतं. नुसत्या ट्रेकला गेलं की गड हाच दिवस असतो. बिघडलं तर गडावर थांबता येतं. गाडीने तीन दिवसांची फेरी आखली की गड हा दोन मुक्कामांमधला एक थांबा होतो. मग प्रत्येक निर्णयात "आठचं जेवण" आणि "उद्याचं सांदण" येऊन बसतात. गुहेत पाऊण वाजता झालेल्या बोलण्याची मी नंतर आठवून टिपणं काढली. त्यात गाडी हा शब्द अकरा वेळा आला होता. मावशीला मात्र एकदाही विचारलं नव्हतं की तुला इथेच पडून राहावंसं वाटतंय का.

हे मी तिला पुढे विचारलं. म्हणाली, "मला तर हलायचंच नव्हतं गं. पण तुम्ही सगळं ठरवून बसला होतात, मी कशाला मोडता घालू?"

आम्ही पुन्हा जानेवारीत गेलो, पाचही जण. या वेळी एकच मुक्काम, रतनवाडीत एका घरी, दोन रात्री, आणि त्या घराला संडास आहे हे फोनवर आधी विचारून. वाटाड्या तोच देवळाजवळचा मुलगा. प्रत्येकाच्या सॅकमध्ये आपापला दिवा, आपापली जलसंजीवनी. निघण्याआधी मी आणि वहिनीने मावशीला बाजूला घेऊन वाटेत आडोसा कुठे कुठे आहे ते सांगितलं. मग तिने आमच्यासमोर तांब्याभर पाणी प्यायलं. शिड्यांपर्यंत ती आली, वर बघितलं, आणि म्हणाली, "मी इथेच बसते." वहिनी तिच्याजवळ थांबली. आम्ही तिघेही वर गेलो नाही. डबा तिथेच सोडला.